विसरभोळ्या बाई

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि तुम्हाला भेटायला येणं आजउद्यावर ढकलत होते. आता माझी मुलगी दहावीला आहे. मधल्या एवढ्या वर्षांत तुमची आठवण काढली ती बहुतेक हसण्यासाठीच. आमच्या घरी छत्री विसरून जाणाऱ्या, डबा विसरून जाणाऱ्या, दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून "अगं, माझं काही राहिलंय का इथे?" असं विचारणाऱ्या मराठीच्या बाई. घरात, नातेवाइकांत, एकदा तर एका पुस्तकाच्या कार्यक्रमात मी तुमची नक्कल केली आहे आणि लोकांनी टाळ्या दिल्या आहेत. ती नक्कल साफ चुकीची होती हे मला परवा कळलं, तेही माझ्या पोरीकडून. त्यामुळे मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि दुसरा मार्ग नाही.

आधी मी काय करते ते सांगते. मी पुस्तकं लिहिते. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या. आठवतंय, तुमच्या वर्गातल्या कपाटात खाली राजाराणीच्या गोष्टी असायच्या आणि वर एकदम मोठ्या माणसांची जाडजूड पुस्तकं? "मधल्या पोरांनी वाचायचं काय, माझं डोकं?" असं तुम्ही कुरकुरायचात. अजूनही फार फरक नाही. गिरगावातला दुकानदार मला विचारतो, "मॅडम, हे लहान मुलांच्यात लावू की मोठ्यांच्यात?" मी म्हणते, मध्ये लावा. त्याच्या दुकानात मध्ये फळीच नाही. माझ्या पुस्तकांत मैत्री असते, कोणीतरी गेलेलं असतं, आणि फोन असतो. फोन म्हणजे तुमच्या वेळचा तळमजल्यावरच्या वाण्याकडचा काळा डबा नव्हे. आता प्रत्येक पोरीच्या हातात एक असतो. चारपाच मैत्रिणी मिळून त्यात एक ग्रुप करतात, एकीने लिहिलेलं बाकीच्यांना लगेच दिसतं. आम्ही मागच्या बाकावरून चिठ्ठ्या फिरवायचो तसंच, फक्त ही चिठ्ठी तुम्हाला जप्त करता आली नसती. अर्धी मैत्री तिथेच होते, भांडणंही तिथेच. मी हे सगळं मन लावून लिहिते. माझी मुलगी माझी पहिली वाचक, आणि जिभेला हाड नाही तिच्या. "आई, तुझ्या पुस्तकात पहिल्या पानावर कोणी फार चांगला वागला की समजायचं, गेला तो," असं म्हणते.

या दिवाळीत मी नवी कादंबरी पुरी केली. लालबागच्या चाळीतली एक मुलगी, तिची आई जाते, आणि तिच्या मैत्रिणी फोनवरून तिला कशा सावरतात ती गोष्ट. काळ आत्ताचा आहे, पण चाळ आमचीच आहे आणि आई माझीच. त्यात एक प्रकरण तुमच्यावर आहे. त्याचं नावच ‘विसरभोळ्या बाई’. माझ्या संपादकाला तेच सगळ्यात आवडलं. म्हणाला, बाईंमुळे मध्ये जरा हलकं वाटतं.

आणि दिवाळी संपते न संपते तोच माझ्या मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ गेला. खरोखरचा. ही मैत्रीण चिंचपोकळीला स्टेशनच्या बाजूच्या चाळीत राहते. वडील माझगावला गोदीत कामाला, घरात आई, आजी, आणि हा मोठा भाऊ. कॉलेजात शिकत होता. गॅलरीत कॅरम मांडून त्याने या पोरींना खेळायला शिकवलं होतं. माझी मुलगी शाळेतून परस्पर तिकडे जायची आणि बोटांना पावडर लावून घरी यायची. पोराला ताप आला, चारपाच दिवसांत सगळं आटोपलं. मी मुलीला घेऊन भेटायला गेले. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या, नुकतीच बुद्धवंदना झाली होती. जिना चढताना मी मुलीच्या कानात सांगितलं, "निघताना येते म्हणायचं नाही. नुसतं उठायचं आणि निघायचं." आपल्याकडे एरवी जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, पण अशा घरातून निघताना तेही म्हणायचं नसतं, कारण असल्या कामासाठी पुन्हा यायची वेळ कोणावर येऊ नये. मला हे माझ्या आजीने सांगितलं होतं, मी पोरीला सांगितलं. तिने ते तंतोतंत पाळलं. मैत्रीण भिंतीला टेकवलेल्या कॅरमजवळ बसली होती. माझी मुलगी अर्धा तास तिच्या शेजारी बसली आणि मग काही न बोलता उठून माझ्यामागे आली. मी वळून पाहिलं नाही. वळून पाहायचं नसतं, हेही आजीचंच.

पुढे जे झालं त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटतं. माझ्या मुलीने बाकीच्या मैत्रिणींना नियम सांगितला, की अशा घरी काही बोलायचं नसतं, आणि या शहाण्यांनी तो फोनलाही लावला. तिच्या घरात दुखवटा आहे, तर ग्रुपवर तेरा दिवस कोणी काही टाकायचं नाही. विनोद नाहीत, फोटो नाहीत, गुड मॉर्निंगसुद्धा नाही. एक दिवस त्या गप्प राहिल्या. पण दहावीच्या पोरी त्या, अभ्यासाचं विचारायचं, क्लासचं विचारायचं, मग तिला त्रास नको म्हणून तिला सोडून त्यांनी दुसरा ग्रुप काढला. आणि तिथे हळूहळू सगळंच सुरू झालं. एकीचा वाढदिवस आला. लालबागला नाक्यावर जाऊन वडापाव खाल्ले, फोटो काढले, आणि त्यातला एक त्यांच्यातल्या कोणीतरी सगळ्यांना दिसेल असा लावून टाकला. तोंडं भरलेली, दात काढून हसणाऱ्या चौघीजणी. चिंचपोकळीतल्या पोरीने तो पाहिला. तिच्या फोनमधला जुना ग्रुप तर भाऊ गेल्यापासून मुका होता. ती त्यातून बाहेर पडली. शाळा सुरू झाल्यावर तिने बाक बदलला आणि माझ्या मुलीशी बोलणं टाकलं.

माझी मुलगी पहिलीपासून तिच्या शेजारी बसत आली आहे, बाई. ती घरात नुसती बसून राहायला लागली. ताटातलं चिवडायची. फोनवर काहीतरी लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मला वाटलं, नवं दुःख आहे, तिकडची पोर सावरली की आपोआप होईल ठीक. मग एक दिवस लालबागच्या बाजारात मला त्या मैत्रिणीची आजी भेटली. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बाई, एक इचारू का? पोरींचं काय बिनसलंय?"

मी म्हटलं, "अहो आजी, त्या तुमचा दुखवटा पाळत होत्या. तेरा दिवस गप्प बसायचं म्हणून."

"आमच्यात न्हाई काय तसलं," आजी म्हणाली. "सुतक न्हाई का इटाळ न्हाई. रोज घर भरल्यालं असायचं मान्सांनी, पोराबद्दल बोलायची समदी. तुमची पोर एकदा आली तेवढीच, बाकी हिच्या मैतरणी आल्याच न्हाईत. पोरगी म्हंती, आजी, सगळ्यांनी तोंड फिरवलं."

मी भाजी न घेताच घरी आले. नियम आपल्या घरचा, दुखवटा त्यांच्या घरचा, आणि आपण विचारलंसुद्धा नाही, की तुमच्याकडे काय करतात. मुलीला ते सांगितलं.

"म्हणजे मी उगाच उठून आले? तिच्याशी न बोलता?"

"अगं, मला वाटलं..."

"तुला वाटलं!" ती म्हणाली. "मग आता तूच सांग काय लिहू. तू लिहितेस ना असलं सगळं. तुझ्या पुस्तकात बरोबर वेळेला मेसेज येतात पोरींना. सॉरी म्हटलं की समोरची रडते, की झालं, मिटलं. मी कितीदा टाईप करून पुसलंय माहितीये तुला? सगळं खोटं वाटतं ते."

मैत्रीवर पुस्तकं लिहिणारी बाई मी, स्वतःच्या पोरीला एक ओळ सुचवता येईना. तिने रागारागाने माझ्या टेबलावरचा कादंबरीचा गठ्ठा उचलला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बहुतेक माझ्या चुका काढायला.

त्या गठ्ठ्यात तुमचं प्रकरण होतं. मी ते असं लिहिलं आहे: आई जाऊन दुसराच दिवस आहे. मी नववीत आहे. खोलीत चटई अंथरलेली, बाबा भिंतीला टेकून बसलेले, शेजारच्या काकींनी पिठलंभात आणून ठेवलाय आणि "खाऊन घे गो बाय, असा उपाशी ऱ्हवान कसा चालात" असं म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवतायत. सगळे मऊ आवाजात बोलतात, मला तो आवाज नकोसा झालाय. शाळा सुटल्यावर तुम्ही येता. चपला बाहेर काढता, माझ्या शेजारी खाली बसता. काही म्हणत नाही. आई कशी गेली विचारत नाही, धीर धर म्हणत नाही. काकींनी निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट पुढे ओढता आणि खडे काढायला लागता. थोड्या वेळाने माझीही बोटं त्या ताटात जातात. ताट संपतं, तुम्ही पदर सावरून उठता आणि निघून जाता. कोपऱ्यात छत्री राहते. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात, "अगं, छत्री राहिली वाटतं." येता, बसता, लसूण सोलता, छत्री घेता, पण डबा ठेवून जाता. मग डब्यासाठी येता आणि वह्यांची पिशवी विसरता. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागतात. बाबासुद्धा एकदा म्हणाले, "तुझ्या बाईंचा डोक्या खय असता गो?" आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले ते तुमच्यावर. दिवस झाल्यावर तुम्ही शेवटच्या आलात, घासभर शिरा खाल्लात, आणि तुमचं चष्म्याचं घर आमच्या खिडकीत राहिलं. तपकिरी, आत पुसायचं पिवळं फडकं. मी ते शाळेत आणते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "असू दे. घाई नाही."

आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला वर्गात झापलंत. मी पाठांतर केलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे केविलवाणं बघत होता, आणि तुम्ही म्हणालात, "उभी राहा. आई गेली म्हणून कविता परत पाठवायची का मी? उद्या मला सगळी पाठ हवी." वर्ग सुन्न झाला. मला मात्र इतकं बरं वाटलं की काय सांगू. आई गेल्यापासून माझ्यावर पहिल्यांदा कोणीतरी आधीसारखं ओरडलं होतं. मी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.

तर त्या संध्याकाळी मी बांगडे तळत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तुमचं प्रकरण.

"आई, ह्या बाई खऱ्या होत्या?"

"अगदी खऱ्या. होत्याच तशा वेंधळ्या."

"शाळेत पण विसरायच्या?"

मी आठवायला लागले. तुम्हाला कोणी वही दिली नाही ते महिन्यानंतरही पाठ असायचं. कोणाच्या फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा घालायचा राहिला, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं लक्षात. छत्री तर शाळेत तुमच्या खुर्चीच्या पाठीला लटकलेली असायची आणि सुटल्यावर न चुकता तुमच्या हातात.

"नाही," मी म्हटलं. "शाळेत नाही."

"मग फक्त तुझ्याच घरी विसरायच्या?" ती माझ्याकडे बघत होती. "आई, येते म्हणायचं नसतं ना तिकडे? मग त्या काय करणार?"

कालथा माझ्या हातात तसाच राहिला. बांगडा करपला, तिनेच गॅस बंद केला. मी ओट्याला धरून रडले, बाई. आई गेली तेव्हा मी माणसांसमोर फार रडले नव्हते, ते सगळं जणू त्या दिवशी निघालं. त्या खोलीत मी बसले होते, त्या छत्रीकडे बघून हसले होते, तेच सगळं जसंच्या तसं लिहूनही काढलं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. मुलगी मला थोपटत राहिली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती घरी आली नाही. काळोख पडायला लागला तशी मी तिला फोन लावला. पलीकडून आजीचा आवाज आला, "कोन? अगं, फोन तर हितंच ऱ्हायलाय पोरीचा. मगाशीच गेली की ती." मी काही बोलायच्या आत दार वाजलं आणि मुलगी आत आली. मोकळ्या हातांनी. बाई, तुम्हाला कसं सांगू, ही मुलगी न्हाणीघरात जाताना फोन नेते. जेवताना ताटाशेजारी ठेवते. वडिलांनी एकदा दोन तासांसाठी काढून घेतला तर घर डोक्यावर घेतलं होतं.

"काय झालं तिकडे?" मी विचारलं.

"काही नाही. बसले. आजीने मेथी दिली निवडायला."

"ती बोलली?"

"नाही. पण मेथी निवडली तिने पण."

"आणि फोन?"

"राहिला," ती चपला काढत म्हणाली.

"बाबांना पाठवू का आणायला?"

"नको. मी जाईन ना उद्या." आणि ती अभ्यासाला बसली. उजवा हात मधूनमधून टेबलावर चाचपडत होता, फोन जिथे असतो तिथे.

दुसऱ्या दिवशी ती आली ती जिन्यातूनच ओरडत, "आई, ती भांडली माझ्याशी!" चेहरा असा फुललेला, जणू बोर्डात आली आहे. मैत्रीण फोन हातात घेऊन दारातच उभी होती म्हणे. "काय गं ए, किती वाजतो तुझा फोन! डोकं उठवलं माझं. पॅटर्न माहितीये मला तुझा, पण उघडला नाही हां. आणि माझा दादा गेला, मी नाही गेले, कळलं? मला काढून ग्रुप बनवता काय, मूर्ख मुलींनो?" अशी ती अर्धा तास बोलत होती आणि मग रडली, आणि मग ही रडली, आणि आजीने दोघींना चहा दिला. मुलगी फोन घेऊन आली होती. पण डबा तिथे ठेवून आली होती.

सगळं आधीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या पुस्तकात म्हटलं असतं. ती पोर अजून मध्येच गप्प होते, एखाद्या साध्या गोष्टीवर चिडते, आणि बाक तिने अजून पुन्हा बदललेला नाही. पण गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली. दोघींनी गणितं सोडवली, भांडल्या, पोहे खाल्ले. संध्याकाळी ती गेल्यावर मी दिवाणावरची चादर नीट करत होते, तर उशीजवळ कॅरमचा स्ट्रायकर. कडा झिजलेला, जुना. तिच्या भावाचा. तो गेल्यापासून ती कंपासपेटीत घालून शाळेत नेते, कोणाला हात लावू देत नाही, हे मला मुलीनेच सांगितलं होतं. मी घाईघाईने खिडकीकडे गेले, पोर अजून फाटकापर्यंतच पोचली होती, मी हाक मारणार एवढ्यात मुलीने माझा दंड धरला.

"आई, गप्प बस. राहू दे तिथेच."

तो तसाच उशीजवळ आहे. मी त्याच्या बाजूने झाडते.

कादंबरी परत पाठवली. प्रकरणाचं नाव तेवढं बदललं. संपादकाचा फोन आला होता, म्हणाला, बाई मुद्दाम विसरतात हे शेवटी एका वाक्यात सांगून टाका, मुलांना कळायला हवं. मुलगी शेजारी बसून ऐकत होती, तिने मान हलवली. "लिहू नको. कळतं." मी लिहिलं नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुमची चाळ पाडली, तिथे टॉवर झालाय, आणि तुम्ही तिथूनही कधीच्या गेलात. पत्राच्या शेवटी जे लिहायचं असतं ते मी लिहीत नाही, नुसती उठते. फक्त एक सांगायचं राहिलं. तुमचं चष्म्याचं घर माझ्याकडे आहे. सगळ्यांना मी सांगते की द्यायचं विसरले. तसं नाही, बाई. दहावीच्या निरोपाच्या दिवशी ते माझ्या दप्तरात होतं. तुम्ही समोर उभ्या होतात, मी त्या चष्म्याच्या घरावरून हात फिरवला आणि दप्तराचा पट्टा लावून टाकला. ते दिलं असतं, तर तुमचं आमच्या घरी काहीच राहिलं नसतं.